मांडवा ते जयगड: मुलांसह शिडाच्या नौकेतून

लहान मुलांना घेऊन शिडाच्या नौकेतून कोकण किनाऱ्याने जाणार, असे सांगितल्यावर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी विचारलेले सगळे प्रश्न समुद्राविषयी होते. लाटा किती उंच असतात, वादळ आले तर कुठे जाल, मूल पाण्यात पडले तर काय कराल? शेवटचा प्रश्न रास्तच आहे आणि त्याच्या तयारीत आमचे काही महिने गेले. तरीही मांडव्यापासून जयगडपर्यंतचा प्रवास पुरा केल्यावर माझे मत असे झाले आहे की, डिसेंबर-जानेवारीतला अरबी समुद्र मुलाबाळांच्या माणसांना बऱ्यापैकी सांभाळून घेतो. दमछाक होते ती बोटीतून जमिनीवर उतरताना. धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या, ओहोटीला उघडा पडणारा गुडघाभर चिखल, खडकांवरच्या कालवांचे धारदार शिंपले आणि खाडीच्या तोंडाशी साचलेली रेती यांचा हिशेब आधी केला, तर बाकीचा प्रवास पुष्कळसा सुखाचा होतो.

मी महाविद्यालयात असताना नेव्हल एनसीसीत होते. तिथे व्हेलर नावाची होडी वल्हवण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे शीड हाताळण्याची जी गोडी लागली ती सुटली नाही. नवरा मूळचा अकोल्याचा. पोहायला तो विहिरीत शिकला आणि समुद्राशी त्याचा संबंध लग्नानंतरच आला. त्यामुळे कामांची वाटणी आपोआप झाली. बोटीचे सगळे माझ्याकडे, मुलांचे आणि स्वयंपाकाचे त्याच्याकडे. थोरली लेक दुसरीत आहे, धाकटा अजून बालवाडीत. बोट आमची नव्हती. ओळखीच्या एका गृहस्थांनी आपली तीस फुटी, एका डोलकाठीची फायबरची नौका आम्हाला दिली, ती त्यांचा नेहमीचा तांडेल, म्हणजे नौका चालवणारा माणूस, बरोबर राहील या अटीवर. ती अट त्यांनी घातली नसती तर मीच घातली असती. हर्णैकडचे हे साठीचे तांडेलकाका उभे आयुष्य मासेमारी करून आता मुंबईतल्या हौशी मंडळींच्या नौका सांभाळतात. कॉलेजात शिकलेली मी आणि रोज समुद्र पाहणारे काका यांच्यात मतभेद झाला, तर काकांचे ऐकायचे, हे मुलांच्या देखत आधीच ठरवून टाकले होते. मुले अशा गोष्टी विसरत नाहीत. पुढे एकदा मी शीड आणखी उघडावे म्हणत असताना धाकट्याने मला या ठरावाची आठवण करून दिली.

थंडीत या किनाऱ्यावर वाऱ्याची दिनचर्या ठरलेली असते आणि सगळी आखणी तिच्याभोवती करावी लागते. रात्री जमीन समुद्राच्या मानाने लवकर थंड होते, त्यामुळे मध्यरात्रीनंतर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकतो. मग वारा पडतो आणि तास-दीड तास शीड नुसते लोंबकळत राहते. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, तीन-चारच्या सुमारास तो बारा ते पंधरा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढतो आणि सूर्य मावळला की उतरतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला हे दोन्ही वारे सोयीचे, कारण मतलई डाव्या कुशीवर मिळतो आणि खारा पाठीमागून. उत्तरेकडे परतताना मात्र दुपारचा वारा तोंडावर येतो, लाटा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आदळतात आणि लहान मुलांचे हाल होतात. म्हणून आम्ही एकमार्गी प्रवास आखला. आम्ही जयगडला उतरायचे आणि काकांनी मदतीला एक खलाशी घेऊन बोट परत न्यायची.

आमच्या बोटीचा वेग चार-पाच नॉट, म्हणजे दिवसाउजेडी सात-आठ तासांत तीस-पस्तीस सागरी मैल. रात्री चालण्याचा विचारच केला नाही. मांडवा ते राजपुरी साधारण बत्तीस मैल, राजपुरी ते हर्णै तीसच्या आसपास, पुढे दाभोळ पंधरा आणि तिथून जयगड अठरा-एक मैल, असे टप्पे पडले. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो, हे लेकीला सांगितल्यावर तिने नकाशावरून मांडव्याचे आणि राजपुरीचे अक्षांश उतरवून वजाबाकी केली. उत्तर तीस आले. उरलेले दोन मैल कुठे गेले, यावर ती आणि तिचा बाबा संध्याकाळभर वाद घालत बसले होते. किनारा सरळ उत्तर-दक्षिण नाही आणि आपल्याला खांदेरी बेटाला वळसा घालायचा आहे, हे पटायला त्या दोघांनाही नकाशावर दोरा ठेवून मोजावे लागले.

भरती-ओहोटीचे आकडे हल्ली मोबाइलवर मिनिटासह मिळतात, पण काकांचा भरवसा तिथीवर. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हा हिशेब बराच जुळतो. दक्षिणेकडे जावे तशी भरती थोडी आधी येते. आम्ही नाताळच्या सुटीत, पौष शुद्ध अष्टमीला निघालो. तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे खाड्यांच्या तोंडाशी ओढ कमी असते. अष्टमीला सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी, आणि दुपारी अडीच-तीनला आपण मुक्कामाच्या खाडीत शिरू तेव्हा पाणी चढते असणार. चढत्या पाण्यात बोट रुतली तरी घटकाभरात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत तिरकी पडून राहते. मात्र ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप खाली जाते. शेवटचा मुक्काम पौर्णिमेला जयगडात होता आणि तिथे संध्याकाळी पाच-साडेपाचला तळ गाठलेली ओहोटी मिळणार, हे निघण्याआधीच कागदावर दिसत होते.

आता मुलांच्या सुरक्षेविषयी. बाजारात मिळणारी सगळी लाइफ जॅकेट मुलांच्या कामाची नसतात. मुलाच्या वजनाला योग्य, मानेमागे फुगीर कॉलर असलेले, दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि वर उचलायला पाठीवर मूठ असलेले जॅकेट लागते. पायांमधला पट्टा नसेल तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगते आणि मूल खाली सरकते. दोन्ही मुलांना जॅकेट घालून आम्ही वस्तीतल्या तरणतलावात वारंवार टाकले, कपड्यांसकट टाकले, आणि पाठीवर उताणे पडून शिट्टी फुंकण्याचा सराव करून घेतला. बोटीवरचा नियम एकच होता: केबिनच्या शिडीवर पाय ठेवण्याआधी जॅकेट, आणि बाहेर येताक्षणी कमरेच्या दोरीचा हुक डेकवर ताणलेल्या पट्टीत. हा नियम मोठ्यांनीही पाळला, कारण आई-बाबा हुक न लावता फिरतात असे एकदा दिसले की मुले तो नियम आपल्यापुरता मोडून टाकतात. कठड्याच्या तारांमधून धाकटा सहज निसटला असता. काकांनी कोळ्यांचे जुने नायलॉनचे जाळे आणून ते चारी बाजूंनी इतके ताणून बांधले की, त्यातून चेंडूही बाहेर जात नव्हता.

याहून महत्त्वाचा सराव नारळाचा. मांडव्याच्या बाहेर मोकळ्या पाण्यात, शिडे चढवलेली असताना काका कोणालाही न सांगता एक नारळ पाण्यात टाकत आणि ओरडत. पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके दिसते ते जेमतेम नारळाएवढे. लेकीचे काम नारळाकडे बोट रोखून धरायचे आणि नजर अजिबात हलवायची नाही. मी बोट वाऱ्यात वळवायची, शिडे ढिली सोडायची, इंजिन सुरू करायचे आणि हळूहळू जवळ जायचे. हातभर लाटांतही वीस-तीस मीटरवर गेलेला नारळ दिसेनासा होतो. पाहत राहिले तर दिसतो, पापणी लवली की नाहीसा होतो. हा प्रकार एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर नवऱ्याने मुलांच्या हुकांविषयी पुन्हा कधी "आता घालायलाच हवा का" असे विचारले नाही. एक जण मुलांचा आणि एक जण बोटीचा, हा नियमही तिथेच पक्का झाला: ज्याच्याकडे मुले आहेत त्याने दोराला हात लावायचा नाही, शीड फाटत असले तरी नाही.

कागदपत्रांचे काम अवघड नव्हते, चिकाटीचे होते. नौकेची नोंदणी, विमा, महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात प्रवासाची माहिती, सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती. २००८ नंतर किनाऱ्यावरची दक्षता वाढली आहे आणि अनोळखी शिडाची नौका नांगर टाकून उभी राहिली की, चौकशी होतेच. ती व्हावीच, असे मला वाटते. प्रत्येक मुक्कामी आम्ही सागरी पोलिसांना आपणहून फोन केला, त्यामुळे मुले झोपलेली असताना गस्तीची बोट येऊन उठवायचा प्रसंग आला नाही. व्हीएचएफ रेडिओ संच चॅनेल १६ वर सतत चालू असे, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक लेकीने ठळक अक्षरांत लिहून केबिनच्या दारावर चिकटवले होते.

अष्टमीला पहाटे फटफटायच्या सुमारास आम्ही मांडव्याहून निघालो. पौषातला मतलई वारा अंगाला चांगलाच झोंबतो. समुद्रावर थंडी वाजेल अशी कल्पना नसणाऱ्यांनी कानटोप्या अवश्य घ्याव्यात. रात्रीच्या दवाने डेक पाऊस पडल्यासारखे भिजले होते आणि धाकट्याचा पाय पहिल्याच पावलाला घसरला, पण हुक लावलेला होता. सूर्य वर आला तेव्हा खांदेरीच्या दीपगृहाचा अष्टकोनी मनोरा डाव्या हाताला होता. हे दीपगृह १८६७ सालचे. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतली आणि मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही अस्वस्थ झाले. इंग्रजांची मोठी गलबते नाकेबंदीला उभी असताना मराठ्यांच्या हलक्या होड्या थळच्या किनाऱ्यावरून बेटावर सामान पोहोचवत राहिल्या. उथळ पाण्यात हलकी होडी, हे त्या यशाचे एक कारण. आमच्या नौकेचा पाण्याखालचा कणा दीड मीटर खोल, तेव्हा आम्ही इंग्रजांच्या बाजूचे ठरलो आणि बेटांच्या बाहेरून, खोल पाण्यातून गेलो. युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून जे मराठा किल्ले निवडले त्यांत खांदेरी आहे, आणि आमच्या वाटेवरचा सुवर्णदुर्गही.

या पट्ट्यात दिवसाउजेडी चालण्याचे खरे कारण जाळी. खांबांना बांधलेली डोल जाळी, मैलमैल पसरलेली तरती जाळी, थर्माकोलचे तुकडे आणि बांबूवर फडफडणारे काळे बावटे, यांतून वाट काढावी लागते. जाळे पंख्यात अडकले तर आपली बोट अडतेच, शिवाय एखाद्या कुटुंबाचे हजारो रुपयांचे जाळे फाटते. काका जवळच्या मचव्याला हात करून जाळ्याचे टोक कुठे आहे ते विचारत. पलीकडचा माणूस बोलण्याऐवजी हातानेच दिशा दाखवी. थोड्याच वेळात बावटे शोधायचे काम मुलांनी आपल्याकडे घेतले आणि ते आमच्यापेक्षा चोख केले.

अलिबाग मागे पडल्यावर लेक खाली केबिनमध्ये गोष्टीचे पुस्तक वाचत बसली आणि कोर्लईचा किल्ला दिसू लागेपर्यंत तिला ओकारी झाली. बोट लागण्यावर आमचा उपाय साधा होता: ताबडतोब बाहेर, बोटीच्या मध्यभागी, नजर लांबच्या डोंगरावर, तोंडात आलेपाकाचा तुकडा आणि पोटात थोडे कोरडे चुरमुरे. पाणी घोट-घोट. अर्ध्या तासात ती सुकाणू धरून बसली होती. सुकाणू हातात असलेल्याला बोट सहसा लागत नाही, हे अनेक जाणकारांकडून ऐकले होते आणि आमच्या घरापुरते ते खरे ठरले. कोर्लईसमोर वारा पडला तेव्हा तासभर इंजिन लावले, मग वायव्येचा वारा आला आणि पद्मदुर्गाच्या बाहेरून जात अडीचच्या सुमारास आम्ही राजपुरीच्या खाडीत शिरलो.

राजपुरीची खाडी रुंद आणि आडोशाची. जंजिऱ्याच्या पूर्वेला नांगर टाकला की बाहेरची लाट जाणवत नाही. वर्षअखेरीमुळे धक्क्यावर पर्यटकांची रीघ लागली होती. जंजिऱ्याला नेणाऱ्या होड्या अजून शिडाच्या आहेत. परबाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या तिरप्या काठीला, बांधलेले त्रिकोणी, ठिगळे लावलेले शीड आणि ते एका माणसाने लीलया फिरवणे पाहताना मला आमच्या चकचकीत कप्प्या-दोरांची जरा लाजच वाटली. आमची बोट किल्ल्याच्या दरवाजाला लावणे शक्य नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हीही त्याच होडीतून गेलो. किल्ल्याच्या महादरवाजापाशी होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते आणि पायरी एका जागी असते. होडी वर आलेली असतानाच पाय टाकायचा. तिथल्या माणसांनी दोन्ही मुलांना काखेत धरून अलगद वर दिले, आणि मोठ्यांना मात्र "थांबा, थांबा, आता!" असे ओरडून उतरवले. राजपुरीच्या धक्क्यावर आमच्या रबरी होडीतून उतरायचे तंत्रही आम्ही त्यांच्याकडेच पाहून शिकलो: आधी एक मोठा माणूस, मग सामान, मग मुले, आणि शेवटचा माणूस होडी सोडून वर येईपर्यंत मुलांनी पायरीवर बसून राहायचे, उभे राहायचे नाही. शेवाळावर उभ्या माणसाचा पाय सरकतो.

हर्णैचा टप्पा वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सुंदर झाला आणि मुक्कामाच्या दृष्टीने सर्वांत त्रासाचा. बाणकोटच्या पुढे डॉल्फिन दिसले, वारा पाठीशी होता, मुलांनी दशम्या आणि लसणाची चटणी डेकवर बसून खाल्ली. पण हर्णै बंदर मोकळे आहे. सुवर्णदुर्गाला वळसा घालून लाट आत येते आणि नांगरलेली बोट रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होते. चालत्या बोटीत मजेत असलेली मुले नांगरलेल्या बोटीत रडकुंडीला आली. शेवटी काकांनी मागच्या बाजूने दुसरा नांगर टाकून बोटीचे तोंड लाटेकडे वळवले, तेव्हा डोलणे बरेच कमी झाले. हा दुसरा नांगर आणि पन्नास मीटर दोर मुले असलेल्या प्रत्येक बोटीत असावा.

हर्णैला उतरायचे ते पुळणीवर. लाटा तीन-चार मोठ्या आणि मग काही लहान अशा येतात. मोठ्या जाऊ द्यायच्या आणि लहान लाटेवर होडी पुढे काढायची. गुडघाभर पाण्यात काका आणि मी दोन बाजूंनी उड्या मारून होडी सरळ धरली, कारण होडी आडवी झाली की पुढची लाट तिला उलटवते. नवऱ्याने दोन मुले दोन खांद्यांवर घेतली आणि तो चालत किनाऱ्याला लागला. त्या संध्याकाळी मासळीचा लिलाव ऐन रंगात होता. पुळणीवर ओळीने मांडलेले पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, बर्फाचा चुरा, आणि बोली इतक्या झपाट्याने चाललेली की, कोणी काय घेतले ते आम्हाला कळेना. लेकीने काकांच्या एका नात्यातल्या बाईंना विचारले, "मावशी, एवढे मासे तुम्हाला मोजता येतात?" त्या म्हणाल्या, "मोजायचे कशाला, पाटी बघून कळते." त्यांनी दिलेले बांगडे आम्ही बोटीवर भाजले नाहीत; बंद केबिनमध्ये बांगडे भाजले तर तो वास जयगडपर्यंत सोबत करतो, असा काकांचा सल्ला होता. ते त्यांच्याच घरी खाल्ले.

दाभोळला जायला त्रयोदशी निवडली, कारण दाभोळला वाशिष्ठी नदीच्या तोंडाशी रेतीचा बांध आहे आणि त्यावरून भरतीतच जावे. त्रयोदशीची पाऊणपट पावणेदहा. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून नऊ-सव्वानऊला खाडीच्या तोंडाशी पोहोचायचे असा बेत केला आणि पहाटे मतलईवर निघालो. उजव्या हाताला टाळकेश्वराचे दीपगृह आणि अंजनवेलचा गोपाळगड. तिथल्या नैसर्गिक वायूच्या बंदराच्या धक्क्यापासून पुष्कळ अंतर राखून आम्ही आत शिरलो. खोली दाखवणाऱ्या यंत्राचे आकडे मोठ्याने वाचण्याचे काम लेकीकडे होते: सहा, पाच, चार, साडेतीन. काका एका हाताने सुकाणू धरून पाण्याच्या रंगाकडेच पाहत होते. आकडे पुन्हा चढू लागले तेव्हा कुठे त्यांनी तंबाखूची डबी काढली.

पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच दाभोळहून जहाजात बसून होर्मुझकडे गेला. आज खाडीच्या कडेला विजापूरकालीन मशीद उभी आहे आणि समोर धोपाव्याची फेरीबोट गाड्या घेऊन ये-जा करते. फेरीबोट गेली की तिच्या लाटेने आमच्या चुलीवरचा भात सांडायचा, म्हणून स्वयंपाक तिच्या वेळा पाहून करावा लागे. हा मुक्काम सर्वांत निवांत झाला. मुलांना ठिकाणे पाहण्यापेक्षा एका जागी राहणे अधिक आवडते, हे मला तिथे उमगले. मोठ्या माणसांना रोज नवे बंदर हवे असते. धाकट्याचा दिवसभराचा उद्योग म्हणजे दोरीला बांधलेली बादली पाण्यात सोडायची, वर ओढायची आणि परत सोडायची. अंधार पडल्यावर त्याने दात घासायला बादली ओढली तेव्हा पाण्यात निळसर ठिणग्या उठल्या. सूक्ष्म जीवांमुळे पाणी असे चमकते, आणि हलवले तरच चमकते. चंद्र वर असल्याने फिकट होते, पण केबिनच्या सावलीत बादली धरल्यावर स्पष्ट दिसले. त्या रात्री दात घासून झाले नाहीत.

पौर्णिमेला सकाळी भरती चढत असताना निघून अकराच्या आत जयगडला पोहोचलो. जयगडच्या खाडीत पाणी खोल आहे आणि मोठी मालवाहू जहाजे येतात. त्यांच्या वाटेपासून दूर, किल्ल्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकला. तेव्हाच उतरलो असतो तर काही अडचण नव्हती. पण बोट आवरायची होती, पाण्याची टाकी धुवायची होती, ओल्या चादरी वाळवायच्या होत्या, आणि आम्हाला न्यायला येणारी गाडी रत्नागिरीहून संध्याकाळी यायची होती. पाच वाजता पाहिले तर धक्क्याच्या खालच्या पायऱ्या हिरव्या शेवाळाने चकाकत होत्या, त्याखाली कालवांनी भरलेला दगड आणि त्याखाली गाळ. त्या दगडावर मूल पडले तर गुडघ्याची चाळण होईल. गाडीवाले दादा वरून हाका मारत होते. नवऱ्याचे म्हणणे, मुलांना पाठीवर बांधून एकेक न्यावे. काका काही न बोलता स्टोव्ह पेटवायला खाली गेले, त्यावरून निर्णय कळला. मुगाची खिचडी झाली, मेतकूट आणि पापड झाले, गाडीवाल्या दादांना फोन करून जेवून घ्यायला सांगितले. आठच्या सुमारास पाणी कोरड्या पायऱ्यांना लागले आणि मुले कोणाचाही हात न धरता चढून गेली. हात मी पुढे केला होता. धाकट्याने तो नाकारला आणि वर जाऊन, नियमाप्रमाणे, पायरीवर बसला.

काका आणि त्यांचा सोबती दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला मतलई सुटताच बोट घेऊन निघाले. दुपारचा वारा तोंडावर आला की ते जवळच्या खाडीत शिरत आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा निघत. परतीचा बहुतेक प्रवास इंजिनावर झाला. डिझेलचा परतीचा खर्च जाण्याच्या कितीतरी पट आला, आणि असा प्रवास आखणाऱ्याने तो आधीच हिशेबात धरावा.

पुढच्या थंडीत जयगडहून विजयदुर्गापर्यंत जायचे ठरते आहे. वाघोटनच्या खाडीत पाणी खोल आणि आडोसा उत्तम, त्यामुळे शेवटचा मुक्काम तिथे सोयीचा होईल. तिथीचा हिशेब लेकीने आत्ताच मांडला आहे: शुद्ध पंचमीला निघावे, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास होऊन जाते, दुपारी पाणी चढते मिळते आणि दशमी-एकादशीपर्यंत उतरायच्या वेळी पायऱ्या पाण्याबाहेर उघड्या पडत नाहीत. नाताळच्या सुटीत शुद्ध पंचमी येत नसेल तर वद्य पंचमीही चालते, असे काकांनी तिला फोनवर सांगितले आहे. फक्त तेव्हा संध्याकाळी चांदणे नसते, म्हणून धक्क्यावर न्यायला दोन बॅटऱ्या जास्त.